व्हिसा दहा वर्षांचा, पण राहता किती दिवस येतं?

लेकीच्या बाळंतपणासाठी आईबाबा अमेरिकेला निघाले आहेत. पासपोर्टवर बी-1/बी-2 व्हिसा आहे, मुदत दहा वर्षांची. म्हणजे हवं तितकं राहता येईल? नाही! गोंधळ नेमका इथेच होतो.

ही मुदत फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची. आत किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख आय-94 या नोंदीत असते, उतरल्यावर ऑनलाइन पाहून घ्या. ती उलटूनही राहिलात तर दहा वर्षांचा व्हिसाही बाद होऊ शकतो. मुक्काम वाढवायचा असेल तर त्या तारखेआधीच आय-539 फॉर्म भरावा लागतो.

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा 2, 5 किंवा 10 वर्षांचाही मिळतो. पण एका खेपेला सहसा सहा महिनेच. एकदाच जाणार असाल तर जास्त फी कशाला भरायची?

युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. जर्मनीतून फ्रान्सला गेलात तरी मोजणी तीच.

खरंच लांबचा मुक्काम हवा असेल तर कॅनडाचा सुपर व्हिसा पाहा. आईवडील आणि आजीआजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, मुलांचं उत्पन्नही तपासतात. मुलं अजून वर्क परमिटवरच असतील, तर मात्र साधा व्हिजिटर व्हिसाच.