जुन्या खेळाचे मूळ संगीत

१९८८ साली अमेरिकेतील सिएरा ऑन-लाइन या कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट ४’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे संगीतकार होते विल्यम गोल्डस्टीन. त्या काळच्या सामान्य संगणकातील लहानसा ध्वनिक्षेपक एका वेळी एकच स्वर काढू शके. ‘रोलंड एमटी-३२’ हे महागडे स्वरयंत्र ज्यांच्यापाशी होते, त्यांनाच ती रचना पूर्ण बहरात ऐकता आली. मात्र खेळाच्या तबकडीवर ध्वनिमुद्रण नव्हते. कोणता स्वर, कोणत्या वाद्यावर, किती काळ वाजवावा, याच्या सूचना होत्या. जणू ती स्वरलिपीच! आज त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. त्यांना याच सूचना दिल्या की मूळ वाद्यमेळ पुन्हा उमटतो. येथे नवे काही रचले जात नाही. मोजक्यांनी ऐकलेले संगीत सर्वांपर्यंत पोहोचते.