शर्यतीची मोटार आणि पेट्रोलचा दाब

पेट्रोलचा दाब वाढविला की इंजिनाची ताकद वाढते, अशी मोटारवेड्या तरुणांत एक पक्की समजूत असते. कार्ब्युरेटरच्या इंजिनापुरते तरी हे खरे नाही. पंप पेट्रोल सिलिंडरपर्यंत ढकलीतच नाही. तो ते कार्ब्युरेटरच्या वाटीत आणून टाकतो. तेथून ते ओढून घेते ती कार्ब्युरेटरच्या घशातून वेगाने जाणारी हवा. पंपाचे काम पाणक्याचे. हौद भरलेला राखावा, इतकेच.

हौदावर पहारा असतो फ्लोटचा. गच्चीवरच्या टाकीत चेंडूची तोटी असते ना, तसाच हा प्रकार. पातळी चढली की फ्लोट वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते. दाब अतोनात झाला की सुई फ्लोटला जुमानीत नाही. वाटी ओसंडते, प्लग काळे पडतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडले तर आगच! अमेरिकन होली कार्ब्युरेटर दर चौरस इंचाला ६ ते ७ पौंड दाब सोसतो. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतील गाड्या २०११ पर्यंत कार्ब्युरेटरवरच धावल्या. इटालियन वेबरला मात्र ३ ते ३॥ पौंड पुरे.

दाब कमी पडण्याचा धोका अधिक लबाड आहे. उभ्या गाडीत काटा ६ वर स्वस्थ असतो, कारण इंजिन तेव्हा पेट्रोल जेमतेमच पीत असते. आता पाव मैलाची ड्रॅग शर्यत घ्या. टाकी मागे, इंजिन पुढे. वरून सोडलेल्या दगडाचा वेग वाढतो तितक्या झपाट्याने गाडी सुटली, तर ३ मीटरांची आडवी नळी पेट्रोलला उभ्या विहिरीसारखी होते. तो चढ चढण्यातच सुमारे ३ पौंड खर्ची पडतात. वाटी उतरू लागते, मिश्रणात पेट्रोल अपुरे पडते, सिलिंडरात ठोके बसतात आणि दट्ट्याला भोक पडते.

म्हणून जोरदार पंप मागे, टाकीपाशी बसवावा आणि दाब आवरणारा रेग्युलेटर कार्ब्युरेटरजवळ. इंजिन मंद चालू ठेवून रेग्युलेटरच्या स्क्रूने दाब ठरवावा, मग फ्लोटची पातळी पाहावी. क्रम उलटू नये, कारण दाब बदलला की पातळीही हलते. खरी परीक्षा शेवटच्या गिअरमध्ये, पूर्ण वेगात. तेथे काटा कोसळला, तर स्क्रू आवळण्याचा मोह टाळावा. दोष गाळणीत, बारीक नळीत किंवा पंपात असतो. स्क्रू आवळून गाडी उभी असताना वाटी ओसंडेल, एवढेच होईल. आणि काटा पाहता यावा म्हणून पेट्रोलची नळी चालकाच्या पायाशी आणू नये. मापक काचेबाहेर बसवावा.