भरडाईच्या आधीचा तास

2021 च्या पावसाळ्यात मी चिनी शिकायला घेतलं, तेव्हा गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या ओळखीच्यांनी एकच प्रश्न विचारला: राइस मिलमध्ये काम करणाऱ्याला चिनी कशाला? उत्तर मिलमध्येच होतं. आमच्याकडे तांदूळ निवडायला जे सॉर्टेक्स बसवलंय, ते चीनमधल्या हफेई शहरातून आलेलं आहे. उतारावरून दाणे घसरतात, कॅमेरा काळा-पिवळा दाणा टिपतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पडद्यावर इंग्रजी आहे; झाकण उघडलं की आतल्या पाट्या आणि वायरिंगचे नकाशे मात्र सगळे चिनीत. भरडाईच्या सीझनमध्ये हे मशीन अडलं की बाहेर ट्रक उभे राहतात. त्या पाट्या आपल्याला वाचता यायला हव्यात, एवढीच सुरुवातीची इच्छा.

वेळ सकाळचीच धरली. दिवसभर मिलच्या घरघरीत कान बधिर होतात आणि चिनी ही आधी कानाची भाषा आहे. साडेपाचला उठायचं, नळ यायच्या आत मागच्या अंगणात बसायचं, मोबाइलवर धडा ऐकायचा आणि मोठ्याने म्हणायचा. मनातल्या मनात म्हणून चालत नाही. ‘मी’ हा एकच उच्चार सूर खाली नेऊन वर आणला तर तांदूळ, चढता ठेवला तर कोडं आणि वरून पाडला तर मध. असे चार सूर, शिवाय पाचवा हलका. पहिल्या वर्षाच्या बहुतेक सकाळी या सुरांनीच घेतल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या असं मी आज ठामपणे म्हणतो.

मराठी माणसाला इथे मोठा आधार आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त-थ, क-ख, प-फ हा फरक चिनीत आपल्यासारखाच श्वासावर चालतो. 1958 मध्ये चीनने अधिकृत केलेल्या रोमन लिपीत, म्हणजे पिनयिनमध्ये, त्यातला ‘त’ इंग्रजी डी या अक्षराने लिहितात आणि ‘थ’ टी या अक्षराने. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तिथेच अडखळतो. चाकातला च आणि चिवड्यातला च आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो. चिनीतही ही दोन वेगळी व्यंजनं आहेत. म्हणून मी उच्चारांची वही देवनागरीतच ठेवली, वर सुराची खूण करून. पुढे गाडी सरळ चालली.

या सगळ्या काळात मनात सतत होते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, तसे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी चीन या अर्थाचं ‘ह्वा’ जोडलं गेलं. कोटणीस झाले ख तीह्वा. बाकीचे परतले, हे राहिले. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता त्यांनी चिनी भाषा बोलायला, वाचायला-लिहायला शिकून घेतली आणि विद्यार्थ्यांना चिनीत शिकवलं. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, तेव्हा वय होतं 32. युद्धाच्या धामधुमीत ज्याने हे केलं, त्याच्यापुढे माझ्या अंगणातल्या तासाची अडचण ती काय!

लिपी दुसऱ्या वर्षी हातात घेतली. चौकटीच्या वहीत रोज थोडी चिन्हं, रेघांचा क्रम न मोडता. तांदळाचं चिन्ह सहा रेघांचं. तेच पुढे पीठ, धान्य, साखर या शब्दांच्या चिन्हांत डाव्या बाजूला भेटतं. एक भाग ओळखीचा झाला की नवं चिन्ह निम्मं ओळखीचं वाटतं, हे कळल्यावर पाठांतराचा धाक गेला.

दिवाळीनंतर धान येऊ लागलं की मिल दोन पाळ्यांत चालते. त्या महिन्यांत तासाचा पाव तास होई. मी लिहिणं बंद ठेवायचो, ऐकणं कधीच नाही. उन्हाळ्यात उजेड लवकर होतो, तेव्हा राहिलेलं लिखाण भरून निघे. कॅलेंडरपेक्षा धानाच्या हंगामाला धरून बांधलेला हा अभ्यास टिकला.

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेच्या जुन्या रचनेत पहिल्या पातळीला 150 शब्द लागत, तिसरीला 600. मी त्या तिसऱ्या टप्प्याच्या आसपास आलो आहे. वेग कमीच, पण हवेच्या दाबाची सूचना, वीज तोडण्याची पाटी, फिल्टर साफ करण्याची खूण आता सरळ वाचतो, आणि मिलमधली दोन पोरं माझ्याकडून वाचायला शिकली.

यंत्रं चीनची आणि ती चालवणारी मुलं गोंदिया-भंडाऱ्याची, हे आता रोजचं झालं आहे. इथल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा आयटीआयने सकाळी सहा ते सात असा चिनीचा वर्ग काढावा, मिलची पाळी लागण्याआधी सुटेल असा. पहिल्या दिवशी मुलांना सूर शिकवायला मी स्वतः येईन.