वाणिज्य शिक्षणातील प्रत्यक्षानुभव : वही, दुकान आणि वर्ग

प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक चित्र वारंवार दिसते. किराणा, कापड वा भंगाराच्या दुकानात लहानपणापासून गल्ल्यावर बसलेला विद्यार्थी 'खेळते भांडवल' या प्रकरणावरील प्रश्नाचे उत्तर लिहू शकत नाही. उलट ज्याने कधी बिल फाडलेले नाही असा विद्यार्थी तीच व्याख्या पाठ करून प्रथम श्रेणी मिळवतो. पहिल्याजवळ अनुभव आहे, परंतु त्याला नाव नाही; दुसऱ्याजवळ नाव आहे, परंतु त्यामागे अनुभव नाही. वाणिज्य शिक्षणाचे अपयश या दोन विद्यार्थ्यांमधील अंतरात आहे, आणि ते अंतर कमी करणे हेच प्रत्यक्षानुभवी शिक्षणाचे काम होय.

हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या श्रेयांक आराखड्यात कार्यानुभवासाठी स्वतंत्र श्रेयांक ठेवले आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तासांचे काम, असे त्याचे गणित आहे. प्रश्न एवढाच उरतो की हे तास प्रत्यक्ष कामाचे असतील की केवळ सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्राचे? प्रस्तुत लेखात या पद्धतीची पूर्वपीठिका, तिचे प्रकार, लहान महाविद्यालयाला झेपेल असा एक उपक्रम आणि त्याचे मूल्यमापन यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हैदराबाद येथे १८९७ मध्ये जन्मलेले आणि बर्लिन येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले झाकिर हुसेन त्या वेळी जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. समितीने उद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले. परंतु शिक्षक आर्थिक बाजूवर भर देतील आणि शैक्षणिक हेतू बाजूला पडेल, असा धोक्याचा इशाराही दिला. आज 'विद्यार्थ्यांनी किती नफा मिळवला?' हा प्रश्न सर्वप्रथम विचारणाऱ्या महाविद्यालयांनी हा इशारा पुन्हा लक्षात घ्यावा.

अमेरिकी विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला. त्यांच्या मते प्रत्येक अनुभव शिकवणारा असतोच असे नाही. काही अनुभव पुढील शिक्षणाची वाटच बंद करतात. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रत्यक्ष अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून संकल्पना आणि त्या संकल्पनेचा पुन्हा प्रयोग. आपल्या वर्गात बहुधा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात होते आणि तेथेच शेवटही होतो. दुकानातील मुलगा पहिल्या पायरीवर थांबलेला असतो. दोघांनाही उरलेल्या पायऱ्यांवर नेणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

प्रत्यक्षानुभवाचे चार प्रकार

१) घटना-अभ्यास : १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने कायद्याच्या शिक्षणातून ही पद्धत घेतली आणि १९१९ नंतर अधिष्ठाता वॉलेस डॉनहम यांच्या काळात ती रुजवली. एखाद्या व्यवसायासमोरील खरा पेच विद्यार्थ्यांसमोर ठेवायचा आणि निर्णय त्यांनी घ्यायचा. यास खर्च नाही; मात्र निर्णयाचे परिणाम विद्यार्थ्याला भोगावे लागत नाहीत, ही तिची मर्यादा आहे.

२) सराव-पेढी : जर्मनी व ऑस्ट्रिया येथे वर्गातच एक काल्पनिक पेढी चालते. माल आणि पैसा काल्पनिक, परंतु मागणीपत्र, बीजक, पगारपत्रक, पत्रव्यवहार हे सर्व खऱ्यासारखे. एका शाळेची पेढी दुसऱ्या शाळेच्या पेढीशी व्यवहार करते. ऑस्ट्रियातील वाणिज्य विद्यालयांत हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. बेळगाव आणि पणजी येथील दोन महाविद्यालयांनी आपसात असा व्यवहार करणे अवघड नाही.

३) खरा लघुव्यवसाय : अमेरिकेतील बॅब्सन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या गटांना व्यवसाय सुरू करण्यासाठी महाविद्यालयानेच मर्यादित कर्ज देण्याची आणि नफा समाजकार्याला देण्याची पद्धत रूढ झाली. फिनलंडमधील युवॅस्क्युला येथे योहान्नेस पार्तानेन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या 'तीमिआकातेमिआ'त विद्यार्थी सहकारी संस्था काढून पदवीचा संपूर्ण काळ ती चालवतात.

४) उमेदवारी : सनदी लेखापालाकडील उमेदवारी हे आपल्याकडील सर्वात जुने व शिस्तबद्ध उदाहरण होय. तिचा कालावधी पूर्वी ३ वर्षे होता. २०२३ च्या नव्या योजनेत तो २ वर्षे करण्यात आला. येथे शिकवण्याची जबाबदारी घेणारा एक ज्येष्ठ असतो. तसा ज्येष्ठ नसेल तर उमेदवारी म्हणजे केवळ फुकटची मजुरी होते.

एक झेपण्याजोगा उपक्रम

लहान महाविद्यालयासाठी तिसरा प्रकार मर्यादित स्वरूपात योग्य ठरतो. त्याचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, पाच विद्यार्थ्यांच्या गटाला महाविद्यालयाने १०,००० रुपये भांडवल दिले. गटाने ४० रुपये दराने २०० कापडी पिशव्या रोखीने घेतल्या. ८,००० रुपये गेले. छपाईवर ५०० रुपये खर्च झाले. महिनाभरात ५२ रुपये दराने १५० पिशव्या विकल्या गेल्या. त्यापैकी १०० रोखीने आणि ५० उधारीवर. एकूण विक्री ७,८०० रुपये. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ६,००० आणि छपाईचे ५०० वजा जाता नफा १,३०० रुपये.

आता शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : "महाविद्यालयाचे १०,००० रुपये आज परत करा." गल्ल्यात केवळ ६,७०० रुपये निघतात. नफा झाला, तरी पैसे नाहीत! २,६०० रुपये उधारीत आणि २,००० रुपये ५० पिशव्यांच्या शिल्लक मालात अडकले आहेत. ६,७०० अधिक २,६०० अधिक २,००० म्हणजे ११,३००. भांडवल आणि नफा मिळूनही ११,३००. ताळेबंद जुळतो, परंतु देणे फिटत नाही. नफा आणि रोकड यांतील हा फरक पुस्तकातील दहा पानांपेक्षा या एका प्रश्नाने अधिक पक्का होतो. दुकानदाराच्या मुलाला तो आधीपासून माहीत असतो. 'खेळते भांडवल' हे त्याचे नाव आहे, एवढेच त्याला येथे कळते.

याच व्यवहारातून वस्तू व सेवा कराचाही पाठ होतो. केवळ मालाची राज्यांतर्गत विक्री करणाऱ्यांना बहुतेक राज्यांत वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. तेलंगणात ही मर्यादा २० लाख आहे. विद्यार्थ्यांचा गट साहजिकच नोंदणीबाहेर राहतो. परंतु नोंदणी नसल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही आणि तो कर खरेदी खर्चातच धरावा लागतो. म्हणून ४० रुपयांत कराचा वाटा किती, हे विद्यार्थ्यांनी खरेदीच्या बिलावरून स्वतः शोधावे.

भांडवल कोणत्या अटीवर द्यावे, हाही अभ्यासाचाच विषय आहे. व्याजाऐवजी मुदारबाचा करार केला तर भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. हलगर्जी नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवल देणाऱ्याचा. त्याच व्यवहाराचा बँकेच्या कर्जाच्या रीतीने दुसरा हिशेब मांडण्यास सांगावे. तोटा झाल्यास तो कोणावर पडतो, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावर आपोआप उमगते.

भाषेचा पूल

सीमाभागातील व दक्षिणेतील अनेक विद्यार्थी घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, बाजारात मराठी वा कानडी आणि परीक्षेत इंग्रजी लिहितात. वाणिज्य त्यांना कठीण वाटते, त्यामागे ही तिहेरी ओढाताण आहे. वस्तुतः बाजाराची मराठी त्यांना परकी नाही. जमा, खर्च, हिशेब, बाकी, वसुली, नफा, नुकसान, माल, किंमत, मुदत, हप्ता, खरीद, दलाल, गुमास्ता हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि उर्दूतही नांदतात. रोजकीर्दीतील 'रोज' घरातलाच शब्द आहे. वही प्रथम याच शब्दांत लिहून घ्यावी आणि नंतर प्रत्येक शब्दाशेजारी परीक्षेतील इंग्रजी संज्ञा लिहावी. रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक, ताळेबंद हा क्रम एकदा स्वतःच्या व्यवहारावर लिहिला गेला की इंग्रजी संज्ञा ओझे न राहता नाव बनते.

मूल्यमापन आणि धोके

नफ्याला गुण देऊ नयेत. नफ्याला गुण दिले तर विद्यार्थी नातेवाइकांना माल विकून आकडा वाढवतात, आणि प्रामाणिकपणे तोटा लिहिणारा गट मागे पडतो. १०० पैकी ३० गुण वहीच्या अचूकतेला, ३० प्रत्येकाच्या रोजनिशीला, २० गटातील कामाला आणि २० तोंडी परीक्षेला, अशी विभागणी करता येईल. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला वहीतील कोणतीही एक नोंद दाखवून ती का व कशी झाली, हे विचारावे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याने काम करायचे आणि बाकीच्यांनी नाव लावायचे, या प्रकाराला आळा बसतो. रोजनिशीत 'काय केले' यापेक्षा 'काय चुकले आणि पुढील वेळी काय बदलू' यास महत्त्व असावे.

विद्यार्थिनींचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. परगावच्या कार्यालयात उमेदवारीसाठी जाणे अनेकींना शक्य होत नाही आणि मग त्यांच्या वाट्याला ओळखीच्या दुकानाचे कोरे प्रमाणपत्र येते. परीक्षेत त्या उत्तीर्ण होतात, परंतु कामापासून वंचितच राहतात. महाविद्यालयाच्या आवारातील विक्रीकेंद्र, सराव-पेढी किंवा घरगुती शिवण व खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचा हिशेब हे त्यांच्यासाठी खरे पर्याय आहेत. आईच्या शिवणकामात दोऱ्याचा, विजेचा आणि वेळेचा खर्च किती, हे पहिल्यांदा मांडणारी मुलगी परिव्यय लेखांकनाचा उत्तम पाठ शिकते. शिवाय त्या घराला आपल्या श्रमाची खरी किंमत कळते.

समारोप

प्रत्यक्षानुभवी शिक्षणासाठी मोठी इमारत किंवा नामांकित कंपनी लागतेच असे नाही. थोडे भांडवल, एक स्वच्छ वही आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारा शिक्षक एवढ्यावर त्याचा आरंभ होतो. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला आपल्या अनुभवाचे नाव मिळाले आणि व्याख्या पाठ करणाऱ्याला त्या नावामागचा अनुभव मिळाला, तर श्रेयांकाचे ३० तास सार्थकी लागले असे म्हणता येईल. अन्यथा प्रमाणपत्राच्या संचिकेत आणखी एका कागदाची भर पडेल, आणि तो कागद मिरवणारा पदवीधर पहिल्याच नोकरीत साधी खतावणी समोर आली की गप्प बसेल.