मनाचे औषध आणि डोळ्याची बाहुली

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज इतकी सुलभ झाली आहे की, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात. तथापि या सुलभतेला एक अट आहे. शस्त्रक्रिया पुरी होईपर्यंत डोळ्याची बाहुली विस्फारलेली राहावी लागते. कारण बुबुळाच्या रंगीत पडद्यातील या वाटेनेच गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावयाचे असते.

बाहुली रुंदावण्याचे काम पडद्यातील एक सूक्ष्म स्नायू करतो. मज्जातंतूंचा संदेश या स्नायूला ज्या द्वारांतून मिळतो, त्यांना अल्फा-१ ग्राही म्हणतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरील टॅमसुलोसिन हे औषध ही द्वारे रोखते. ते घेणाऱ्यांचा पडदा शस्त्रक्रियेत शिथिल होऊन लाटेसारखा हेलकावतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली आकसत जाते, असे अमेरिकेतील चँग व कॅम्पबेल या नेत्रवैद्यांनी २००५ साली दाखवून दिले. पुढे रिस्पेरिडोनसारख्या मनोविकारांवरील औषधांनीही असेच घडू शकते, हे ध्यानात आले; कारण तीही हीच द्वारे अडवितात.

अशा प्रत्येक रुग्णास हा त्रास होतोच, असे नव्हे. परंतु तो अवचित उद्भवला, तर भिंगामागचे नाजूक आवरण फाटण्याची भीती असते. उलट, पूर्वकल्पना असलेला शल्यवैद्य सज्ज राहतो. डोळ्यात फिनाइलेफ्रिन सोडून, अथवा बारीक आकडे किंवा कडे बसवून तो बाहुली उघडी ठेवतो.

अडचण येते ती संकोचाची. मधुमेहाची गोळी मोकळेपणाने सांगणारे कुटुंब मनोविकाराची गोळी मात्र दडविते. काही औषधे तर काही आठवड्यांनी एकदा टोचली जातात. ती सांगावयाची राहूनच जातात. पूर्वी घेऊन सोडलेले औषधही सांगावयास हवे.

याहून मोठी चूक म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी ते औषध परस्पर बंद करणे. त्याने डोळ्याचा धोका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. मनाचा आजार मात्र उलटू शकतो. म्हणून औषध चालू ठेवावे आणि त्याची चिठ्ठी नेत्रवैद्यापुढे ठेवावी. दृष्टी परत मिळविण्यासाठी मनाचे स्वास्थ्य पणाला लावण्याचे कारण नाही.