आधी कागद, मग बयाणा!

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पण घर बांधण्याआधी जागा घ्यावी लागते आणि कष्टकरी माणसाचा घात बहुधा तिथेच होतो. निवृत्तीची ग्रॅच्युइटी, भिशीचे पैसे आणि बाईच्या अंगावरचे दोन दागिने एकत्र करून नागपूरच्या वेशीबाहेर हजार-पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला जातो. काही वर्षांनी पाया खोदायला जावे, तर तिथे दुसऱ्याच्याच नावाची पाटी! मग कोर्टाच्या तारखा सुरू होतात आणि कुटुंब भाड्याच्या खोलीतच राहते.

दलाल बहुतेक वेळा ओळखीचा असतो. वस्तीतला, नात्यातला, विहारात भेटणारा. तो ‘जयभीम’ म्हणतो, आपणही म्हणतो. मग त्याच्याकडे कागद मागायचे तर संकोच वाटतो. हा संकोचच महागात पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. कागद मागणे म्हणजे अपमान करणे नव्हे. व्यवहार खरा असेल तर समोरचा माणूस कागद दाखवील. जो रागावेल, त्याच्याकडून प्लॉट न घेतलेलाच बरा.

नागपूरचे दुखणे

शहर वाढत गेले तसे भोवतालच्या शेतांचे तुकडे पडले. सोसायट्यांनी आणि खासगी मालकांनी मंजुरी न घेताच ले-आउट पाडले. ‘५७२ ले-आउट’, ‘१९०० ले-आउट’ हे शब्द नागपूरकरांच्या तोंडी बसले ते अशाच वस्त्यांमुळे. अशा भूखंडांसाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरण पत्र, म्हणजे आपण ज्याला ‘आर.एल.’ म्हणतो, ते या व्यवस्थेतूनच मिळते. ‘आर.एल. होऊन जाईल’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. पत्र झाले आहे का, कोणाच्या नावे झाले, डिमांड भरली का, हे प्रन्यासच्या कार्यालयात जाऊन विचारा. आरक्षणात गेलेला प्लॉट नियमित होईलच असे नाही.

जमीन बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१७ मध्ये नागपूर पोलिसांना त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. यावरून दुखणे किती जुने आणि खोल आहे ते कळते.

काय काय तपासावे

पहिला कागद सातबारा. मौजा, पटवारी हलका आणि खसरा क्रमांक घेऊन ताजा उतारा काढा. तो आता महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. घरातली शिकलेली मुलगी किंवा मुलगा हे काम सहज करील. शहराच्या भूमापन हद्दीत जागा असेल तर आखीव पत्रिका काढा. मालकाचे नाव पाहून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा वाद तिथेच दिसतो. जुने फेरफारही मागवा. बापाच्या जमिनीत बहिणींची नावे आहेत का, त्यांच्या सह्या होणार आहेत का, ते पाहा.

‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय सौदा होत नाही. आदिवासीची जमीन शासनाच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक शब्द जपून वाचावा लागतो. तो म्हणजे ‘झुडपी जंगल’. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने या जमिनी वनजमिनीच असल्याचे सांगितले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना काही संरक्षण दिले, पण तेही केंद्राच्या मंजुरीने. डोळ्यांना माळरान दिसते, झाड एकही नसते, तरी नोंद असेल तर ते जंगलच. अशा जागेला हात लावू नका.

पुढचा कागद म्हणजे मंजूर नकाशा आणि अकृषक आदेश. नवे ले-आउट मोठे असेल, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्याची महारेराकडे नोंदणी लागते. जाहिरातीतला नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.

स्टॅम्प पेपर म्हणजे मालकी नव्हे

शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिले, नोटरी केली, मुखत्यारपत्र दिले, एवढ्याने जमीन आपली होत नाही. मुखत्यारपत्राच्या सौद्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. विक्रीपत्राची रजिस्ट्री हवीच. मात्र विकणारा खरा मालक आहे की नाही, याची खात्री रजिस्ट्री कार्यालय देत नाही. म्हणून मागच्या ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. एकच प्लॉट दोघांना विकलेला असेल तर बहुधा इथेच उघड होतो.

जागेवर जा

प्लॉट पावसाळ्यात पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झाले ते आपण विसरलो नाही. नाल्याची पातळी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशात आहे की नुसता तोंडी, हे पाहा. शेजाऱ्यांशी बोला. शक्य असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी मागा.

पैसे चेकने द्या, पावती घ्या. रजिस्ट्रीत पत्नीचेही नाव घाला. रजिस्ट्रीनंतर फेरफार करून घ्या आणि कुंपण घाला. मोकळी जागा वर्षानुवर्षे बेवारस सोडू नका. दुसऱ्याने १२ वर्षे उघडपणे ताबा ठेवला तर तो हक्क सांगू शकतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे. जातीचा दाखला आणि प्लॉटचे कागद घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. बयाणा देण्याआधी जा, नंतर नव्हे.