सिस्टरला निलंबित केलं, म्हणजे दवाखाना सुरक्षित झाला?

पवनी तालुक्यातल्या आसगावचा पार असो की नागपूरची एखादी सोसायटी, सरकारी दवाखान्यात काही विपरीत घडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "त्या सिस्टरला घरी बसवा, बाकीच्या आपोआप सुधारतील." भंडारा जिल्ह्यात तरी हे वाक्य इतक्या सहज कुणी बोलू नये.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० दगावली. धूर आधी एका परिचारिकेच्याच लक्षात आला, असं तेव्हा सांगण्यात आलं. चौकशी समितीच्या अहवालानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली झाली, आणखी काही निलंबित झाले. कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिकांची मात्र सेवाच संपवण्यात आली. फेब्रुवारीत गुन्हा नोंदवला गेला, तो दोन परिचारिकांवर.

गैरसमज : शिक्षा झाली की चुका थांबतात

कक्ष वाऱ्यावर सोडला होता का, हा प्रश्न परिचारिकांना विचारायलाच हवा. त्या ड्युटीवर होत्या, जबाबदारी त्यांची होती. पण बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या वायरिंगची तपासणी सिस्टर करत नाही. धुराची सूचना देणारी यंत्रणा बसवायची की नाही, हे ती ठरवत नाही. अग्निसुरक्षेचं ना-हरकत प्रमाणपत्र तिच्या सहीनं मिळत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कक्षात दर पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. म्हणून तिचा जबाब घेताना त्या रात्रीचं ड्युटीपत्रक आणि रिक्त पदांची यादीही टेबलावर हवी. ती नसेल तर ती चौकशी अर्धवट आहे.

आणि धडा मिळाला म्हणावं, तर त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. तिथं अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना. भंडाऱ्यातल्या कारवाईनं नगरची वायर सुधारली नाही. सुधारणार कशी? वायरला नोटिशीची भीती नसते.

भीती माणसांना असते, आणि भ्यालेलं माणूस लपवतं. चुकीचं इंजेक्शन भरलं गेलं, पण देण्याआधी लक्षात आलं, असा प्रसंग वॉर्डात अनमोल असतो. पुढचा अपघात कुठून येणार, हे तो फुकटात सांगून जातो. तो नोंदवल्याचं बक्षीस 'कारणे दाखवा' नोटीस असेल, तर कोणती सिस्टर तोंड उघडेल? अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका परिचारिकेनं गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं आणि रुग्ण दगावला. तिनं चूक तिथंच कबूल केली होती. तरी २०२२ मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं. 'यापुढे कबूल कोण करेल?' असं म्हणत तिथल्या परिचारिका संतापल्या. २०२४ मध्ये शेजारच्या केंटकी राज्यानं प्रामाणिक वैद्यकीय चुकांना फौजदारी खटल्यातून वगळणारा कायदा केला.

गैरसमज : न्याय्य वागणूक म्हणजे सगळ्यांना माफी

साफ चूक. चुकणाऱ्याला सरसकट शिक्षेऐवजी न्याय्य वागणूक देण्याच्या पद्धतीत तीन गोष्टी वेगळ्या काढतात. दिसायला सारख्या दोन अँप्युलमध्ये गफलत झाली, तर माणसाला धीर द्या, अँप्युल वेगळ्या खणात ठेवा. वेळ वाचवायला दोन रुग्णांची इंजेक्शनं एकाच ट्रेमध्ये नेण्याची सवय लागली असेल, तर समज द्या, आणि वेळ का पुरत नाही तेही बघा. बीपी न मोजताच तक्त्यावर आकडे भरले, तर खुशाल शिक्षा करा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी सांगितलेली कसोटी सोपी आहे : तेवढंच प्रशिक्षण असलेली दुसरी सिस्टर त्याच पाळीत, त्याच गर्दीत असती, तर तीही चुकली असती का? उत्तर 'हो' असेल, तर दोष एकटीचा नाही.

गैरसमज : कायदा डॉक्टर आणि नर्स दोघांना सारखाच

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (१) वाचा. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे. परिचारिकेचं नाव त्या नोंदवहीत नसतं.

आणखी काही, थोडक्यात

'चूक झाली म्हणजे गुन्हाच.' नाही. फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा टोकाचा असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे.

'चांगली सिस्टर चुकतच नाही.' सलग नाईट केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

'आमच्याकडे चुकांची नोंदच नाही.' मग वही तपासा. चुका होतात, वही कोरी राहते.

'निलंबन म्हणजे चौकशी.' निलंबन सहसा विभागीय चौकशीच्या आधी होतं. कंत्राटी सिस्टरला तर तेवढीही पायरी मिळेल याची खात्री नाही. करार संपला की विषय संपला.

पुढच्या वेळी 'परिचारिका निलंबित' अशी बातमी वाचाल, तेव्हा आणखी तीन गोष्टी शोधा : त्या पाळीत किती जणी होत्या, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, आणि त्या घटनेनंतर वॉर्डात नेमकं काय बदललं. तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असेल, तर दवाखाना कालच्याइतकाच धोक्याचा आहे. फक्त ड्युटीवर दुसरी सिस्टर आहे.